दोनदा नापास झालेला कारकून आणि वाटणीचे आकडे : श्रीनिवास रामानुजन यांची गोष्ट

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. दोन भाऊ असले तर वीस-वीस, चार असले तर दहा-दहा. पण भाऊ तीन निघाले की झाली पंचाईत. तेरा-तेरा गुंठे वाटले तरी एक गुंठा उरतोच, आणि त्या एका गुंठ्यापायी बांधावर काय काय घडतं ते गावाकडं कुणाला सांगायला नको. एकर जर साठ गुंठ्यांचा असता तर दोघे, तिघे, चौघे, पाच जण, सहा जण, यांपैकी कितीही वाटेकरी आले तरी वाटणी सरळ झाली असती.

म्हणजे काही आकडे वाटणीला चांगले आणि काही अवघड. जुन्या रुपयाचे आणे सोळा, त्यांची समान वाटणी पाचच प्रकारे होते. डझन बाराचाच, आण्यांपेक्षा लहान, पण त्याची वाटणी सहा प्रकारे होते. ही गोष्ट किराणा दुकानदारालाही माहीत असते. पण मद्रासच्या बंदरात कधीकाळी तीस रुपये पगारावर खातेवह्या लिहिणाऱ्या एका माणसाने हा साधा विषय धरला आणि तेरा अंकी आकड्यापर्यंत नेला. त्याच कामावर त्याला केंब्रिजची पदवी मिळाली. आपल्याकडच्या परीक्षेत तोच माणूस दोन वेळा नापास झाला होता.

त्याचं नाव श्रीनिवास रामानुजन. २२ डिसेंबरला शाळा-शाळांत राष्ट्रीय गणित दिवस होतो तो त्यांच्याच जन्मदिवशी. फोटोला हार घातला जातो, चारचाकीचा १७२९ नंबर आणि हार्डी साहेबांची गोष्ट सांगितली जाते, आणि कार्यक्रम संपतो. वाटणीच्या आकड्यांची गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही.

पाटी, कारण कागद महाग

रामानुजन यांचा जन्म १८८७ सालचा, आजोळी, तमिळ मुलखातल्या इरोड गावी. वाढले कुंभकोणमला. वडील साड्यांच्या दुकानात कारकून, पगार महिन्याला वीसेक रुपये. आई कोमलताम्मल देवळात भजनं म्हणायची, त्याचे चार पैसे यायचे. घरात कॉलेजची पोरं खाणावळीला ठेवून संसाराला हातभार लावायची. दोन वर्षांचा असताना रामानुजनला देवी आल्या. त्या साथीत त्या भागात बरीच माणसं गेली, हा पोरगा वाचला. पाठची तीन भावंडं मात्र तान्हेपणीच गेली.

शाळेत हुशार. १८९७ मध्ये प्राथमिकच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिला. एकदा वर्गात गुरुजी भागाकार शिकवत होते. तीन केळी तिघांत वाटली तर प्रत्येकाला एक, हजार केळी हजार जणांत वाटली तरी प्रत्येकाला एक, असं त्यांनी सांगितलं. या पोराने विचारलं, की एकही केळं नाही आणि खाणाराही कुणी नाही, तर वाट्याला किती? प्रश्न वात्रट वाटला तरी वात्रट नव्हता. शून्याला शून्याने भागायचं म्हणजे काय, हा त्याचा प्रश्न होता. वाटणीचं वेड असं लहानपणापासूनचं.

पंधरा-सोळाव्या वर्षी त्याच्या हाती कार नावाच्या एका इंग्रज शिकवणीवाल्याचं पुस्तक लागलं. पुस्तक कसलं, नुसती सूत्रांची यादी. पाच हजारांच्या आसपास सूत्रं, आणि ती कशी आली याचं स्पष्टीकरण फारसं नाही. दुसऱ्या कुणी ते बाजूला ठेवलं असतं. रामानुजन एकेक सूत्र स्वतः सिद्ध करत बसला, आणि ते करता करता पुस्तकात नसलेली नवी सूत्रं सापडायला लागली. हे सगळं पाटीवर चालायचं, कारण कागद परवडत नव्हता. लिहायचं आणि कोपराने पुसायचं, पुन्हा लिहायचं. फडका शोधत बसायलाही वेळ नसायचा. शेवटचं उत्तर तेवढं वहीत उतरायचं, मधल्या पायऱ्या कोपरालाच लागून जायच्या. पुढं जगभरचे गणिती त्या वह्यांपुढं डोकं धरून बसले त्याचं एक कारण हेच. उत्तर आहे, पण तिथवरची वाट पुसलेली.

नापास

१९०४ मध्ये शाळेतलं गणिताचं बक्षीस मिळालं, कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीही मिळाली. इथून घसरण सुरू झाली. गणित सोडून दुसरा विषय हाती धरवेना. इंग्रजीत नापास, शिष्यवृत्ती गेली. फी भरणं वडिलांच्या आवाक्याबाहेर. १९०५ मध्ये हा सतरा वर्षांचा पोरगा घरात न सांगता विशाखापट्टणमकडं पळून गेला. नंतर मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजात नाव घातलं. १९०६ ला परीक्षा दिली, गणित सोडून नापास. १९०७ ला पुन्हा दिली, पुन्हा नापास. शरीरशास्त्रात तर शंभरातले दहासुद्धा मार्क पडत नसत.

१९०९ मध्ये आईने लग्न लावून दिलं. मुलगी राजेंद्रम गावची जानकी, वय दहा. त्या काळच्या रीतीप्रमाणे ती काही वर्षं माहेरीच राहिली. नवरा मात्र आता नोकरीच्या शोधात दारोदार. मधेच एक शस्त्रक्रिया करायची वेळ आली. घरात पैसे नाहीत, म्हणून एका डॉक्टरने ती फुकटात केली.

नोकरी मागायला ते व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या डेप्युटी कलेक्टरकडं गेले. महसूल खात्यात एखादी कारकुनाची जागा मिळाली तर बरं, एवढीच अपेक्षा. सोबत वही होती. रामस्वामी अय्यर स्वतः गणितवेडे. १९०७ मध्ये गणिताची आवड असणाऱ्यांचं मंडळ त्यांनीच काढलेलं, पुढं तेच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झालं. त्या मंडळाचं ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात होतं. वही चाळल्यावर त्यांना वाटलं, की या माणसाला तलाठी-कारकुनाच्या खुर्चीत बसवणं म्हणजे त्याला गाडून टाकणं. त्यांनी नोकरी दिली नाही, चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठ्या घेऊन रामानुजन नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्याकडं पोहोचले. कलेक्टर साहेबांना वहीतलं सगळं कळलं असं नाही, पण माणूस खरा आहे हे कळलं. त्यांनी स्वतःच्या खिशातून महिना पंचवीस रुपये पाठवायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या पैशावर फार दिवस जगायचं रामानुजन यांना पटेना. १ मार्च १९१२ पासून ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून म्हणून लागले. पगार तीस रुपये.

बंदरातले वरचे हिशेबनीस एस. नारायण अय्यर हेही गणितातले. दिवसा दोघं खातेवह्या बघायचे, रात्री दोघं पाट्या घेऊन बसायचे. कागदाची टंचाई इथंही होतीच. निळ्या शाईने भरलेल्या कागदावर रामानुजन लाल शाईने पुन्हा लिहायचे, म्हणजे एकाच कागदात दोनदा काम.

केंब्रिजला

१६ जानेवारी १९१३ ला त्यांनी केंब्रिजचे प्राध्यापक जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिलं. त्याआधी तिथल्याच दुसऱ्या दोन बड्या प्राध्यापकांना लिहून पाहिलं होतं, त्यांनी दाद दिली नव्हती. हार्डींनी आधी पत्र बाजूला टाकलं, पण ते डोक्यातून जाईना. संध्याकाळी त्यांनी सहकारी लिटलवूड यांना बोलावलं आणि दोघं ती सूत्रं घेऊन बसले. काही आधीच माहीत असलेली, काही चुकीची, आणि काही अशी की दोघांनीही आयुष्यात कधी पाहिली नव्हती. हा कुणी फसवणारा नाही, अशी सूत्रं बनवून लिहायला तेवढंच मोठं डोकं लागेल, असं हार्डींच्या लक्षात आलं.

पुढच्या गोष्टी भराभर घडल्या. मद्रास विद्यापीठाने महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, पदवी नसताना. केंब्रिजचं बोलावणं आलं. समुद्र ओलांडायचा नाही हा ब्राह्मण घराचा नियम, त्यामुळं आई आडवी. शेवटी आईच्याच स्वप्नात नामक्कलची नामगिरी देवी आली आणि वाट मोकळी झाली. शेंडी कापली, काटा-चमचा धरायला शिकले, आणि १७ मार्च १९१४ ला नेवासा नावाच्या बोटीने निघाले. चार महिन्यांत युरोपात पहिलं महायुद्ध पेटलं.

वाटणीचे विक्रमी आकडे

आता मुख्य काम. १९१५ मध्ये लंडनच्या गणित मंडळाच्या अंकात रामानुजन यांचा साठ पानांवरचा एक लेख आला. इंग्लंडमधला त्यांचा सगळ्यात मोठा लेख तो. विषय, ज्या संख्येला तिच्यापेक्षा लहान असलेल्या कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक आहेत, अशा संख्या. मराठीत त्यांना अतिसंयुक्त संख्या म्हणता येईल. गावच्या भाषेत, वाटणीचे विक्रमी आकडे.

१२ घ्या. त्याला १, २, ३, ४, ६ आणि १२ ने नि:शेष भाग जातो. सहा विभाजक. बाराच्या आतल्या एकाही आकड्याला सहा विभाजक नाहीत, म्हणून १२ विक्रमी. पुढं २४ ला आठ, ३६ ला नऊ, ४८ ला दहा, ६० ला बारा. दिवसाचे तास चोवीस, तासाची मिनिटं साठ, वर्तुळाचे अंश तीनशे साठ. हे सगळे आकडे त्या यादीत आहेत. आपला शंभर मात्र त्या यादीत नाही. शंभराला नऊच विभाजक, म्हणजे साठापेक्षाही कमी. आणि एकराचे चाळीस गुंठे? त्याला आठच, चोविसाइतकेच.

विभाजक मोजायला एकेक भाग घालून बघायची गरज नसते. शाळेतली पद्धत आहे. ६० म्हणजे २ गुणिले २ गुणिले ३ गुणिले ५. यात २ दोन वेळा, ३ एकदा, ५ एकदा. प्रत्येक वेळेत एक मिळवायचा, म्हणजे ३, २ आणि २. त्यांचा गुणाकार १२. झाले बारा विभाजक. २, ३, ५, ७, ११ असे जे आकडे आणखी फुटत नाहीत त्यांना मूळ संख्या म्हणतात. भिंतीला जशी वीट, तशा संयुक्त संख्येला या मूळ संख्या.

मग प्रश्न असा, की विक्रमी आकड्याची भिंत कशी रचलेली असते? रामानुजन यांनी दाखवलं, की विटा मनाला येतील तशा लावता येत नाहीत. २ सगळ्यात जास्त वेळा किंवा निदान ३ इतक्या वेळा हवाच. ३ हा ५ पेक्षा कमी वेळा चालणार नाही, ५ हा ७ पेक्षा कमी चालणार नाही, आणि मधली एकही मूळ संख्या गाळता येणार नाही. का ते १८ वरून कळतं. १८ म्हणजे २ गुणिले ३ गुणिले ३. विभाजक सहा. यातले २ आणि ३ अदलाबदल केले तर २ गुणिले २ गुणिले ३, म्हणजे १२. विभाजक तेवढेच सहा, आणि आकडा मात्र लहान. तेवढेच वाटे लहान आकड्यात होत असतील तर मोठा आकडा विक्रमी कसला? १८ बाद. रामानुजन यांनी असंही सिद्ध केलं, की भिंतीतली शेवटची, सगळ्यात मोठी वीट एकदाच येते. याला अपवाद दोनच, ४ आणि ३६. या सगळ्यामुळं ६ च्या पुढचा प्रत्येक विक्रमी आकडा डझनाने भागला जातो.

यादी कुठं संपते? संपतच नाही. कुठलाही आकडा दुप्पट केला की त्याचे विभाजक वाढतात, त्यामुळं एका विक्रमानंतर त्याच्या दुपटीच्या आतच किंवा दुपटीवर पुढचा विक्रम सापडतो. रामानुजन यांनी लेखात अशा १०२ संख्यांचा तक्ता दिला. त्यातली शेवटची ही: ६७,४६,३२,८३,८८,८००. वाचायची तर ६ लाख ७४ हजार ६३२ कोटी, ८३ लाख ८८ हजार ८००.

या आकड्यात २ सहा वेळा आहे, ३ चार वेळा, ५ दोन वेळा, ७ दोन वेळा, आणि ११, १३, १७, १९, २३ एकेकदा. मोबाइलवर गुणून बघता येईल. आता प्रत्येक वेळेत एक मिळवून गुणाकार करा: ७, ५, ३, ३ आणि पाच वेळा २. उत्तर १०,०८०. एवढ्या रुपयांचे समान वाटे १०,०८० वेगवेगळ्या प्रकारे होतात आणि एक पैसाही उरत नाही. त्याच्या आतल्या साडेसहा लाख कोटींवर आकड्यांपैकी एकालाही ही संख्या गाठता येत नाही. हे काम हाताने केलेलं आहे. तेव्हा आजच्यासारखा कॅलक्युलेटर नव्हता, संगणक तर नव्हताच.

याच्या अगदी उलट्या जातीचे आकडे आज मोबाइलच्या सुरक्षेत वापरतात. सहाशेवर अंकांची प्रचंड संयुक्त संख्या, पण ती फक्त दोनच मोठ्या मूळ संख्यांना गुणून केलेली. तिला १ आणि ती स्वतः धरून चारच विभाजक, आणि ते शोधायला मोठमोठे संगणकही दमतात. त्या न सापडण्यावरच अनेक डिजिटल कुलपं टिकून आहेत. ती पद्धत १९७० च्या दशकातली, रामानुजन यांचा तिच्याशी थेट संबंध नाही. पण मोठी संयुक्त संख्या आतून कशी बांधलेली असते हा प्रश्न दोन्हीकडं तोच.

हार्डींना हा विषय गणिताच्या हमरस्त्यापासून जरा बाजूचा वाटायचा. तरी लेखातलं डोकं त्यांनी पुरेपूर मानलं. मार्च १९१६ मध्ये याच लेखावर केंब्रिजने रामानुजन यांना संशोधनाची बी. ए. पदवी दिली. मद्रासला एफ. ए. ची पायरी ज्यांना चढता आली नव्हती, त्यांना वाटणीच्या आकड्यांनी पदवीधर केलं. कुंभकोणमच्या घरात त्या दिवशी काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र त्या वेळी फारशी कुणाला माहीत झाली नाही. युद्धाचे दिवस, गणित मंडळाकडं पैशाची ओढाताण. छपाईचा खर्च वाचावा म्हणून लेखाचा बराच भाग कापून बाजूला ठेवावा लागला. कुंभकोणमला कागदावाचून पायऱ्या पुसल्या गेल्या होत्या, लंडनला पैशावाचून पानं गळाली.

थंडी, उपास, दवाखाने

रामानुजन शाकाहारी, तेही कडक. कॉलेजच्या भोजनगृहात ते जेवत नसत, खोलीतच स्वतः रांधत. युद्ध लागल्यावर भाजीपाला, दूध मिळेना. कामात गुंतले की जेवणाची आठवणच नसे, रात्रंदिवस काम आणि मग एकदम वीस-वीस तास झोप. थंडी तर अशी, की पुढं मोठे संख्याशास्त्रज्ञ झालेले प्रशांतचंद्र महालनोबिस एकदा भेटायला आले तेव्हा त्यांना कळलं, की रामानुजन रात्री ओव्हरकोट घालून, शाल गुंडाळून झोपतात. पलंगावर ब्लँकेटं तर अंथरलेली. पण ती ओढून त्यांच्या आत शिरायचं असतं, हे या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. महालनोबिसांनी ब्लँकेटं उलगडून दाखवली.

१९१७ पासून ते आजारी पडले. एका आरोग्यधामातून दुसऱ्यात, डॉक्टरांना वाटलं क्षय. पुढं बऱ्याच वर्षांनी एका इंग्रज डॉक्टरने जुन्या नोंदी तपासून तो यकृतात शिरलेल्या आमांशाचा आजार असावा असं म्हटलं. तो वेळेत ओळखला असता तर औषध होतं. घरून पत्रंही धड येत नव्हती. सासू-सुनेचं पटत नव्हतं, आणि दोघांची पत्रं एकमेकांपर्यंत पोहोचत नव्हती असं जानकी यांनी म्हातारपणी सांगितलं. १९१८ च्या सुरुवातीला लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या रुळांवर त्यांनी स्वतःला झोकून दिलं. गाडी वेळेत थांबवली गेली म्हणून जीव वाचला. पोलिसांनी धरलं, हार्डींनी धावत जाऊन सोडवलं.

त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सभासद म्हणून त्यांची निवड झाली. हा मान मिळवणारे ते दुसरे भारतीय. पहिले मुंबईचे जहाजबांधणीवाले आर्देशीर कर्सेटजी वाडिया, १८४१ मधले. ऑक्टोबरमध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजनेही त्यांना फेलो केलं. १७२९ ची गोष्ट याच आजारपणातली. हार्डी भाड्याच्या गाडीने भेटायला आले आणि गाडीचा नंबर अगदीच निरस होता म्हणाले. रामानुजन यांनी पडल्या पडल्या सांगितलं, की दोन घनांची बेरीज दोन वेगळ्या प्रकारे करता येईल अशी ती सगळ्यात लहान संख्या आहे. १२ आणि १ यांचे घन, किंवा १० आणि ९ यांचे घन.

मुंबईचा धक्का आणि चेटपटचं घर

२७ मार्च १९१९ ला ते बोटीने मुंबईला उतरले. धक्क्यावर आई आणि भाऊ होते, जानकी नव्हती. पहिली चौकशी त्यांनी तिचीच केली. मद्रासला पोहोचल्यावर ती आली, आणि शेवटचं वर्षभर तिनेच सगळं केलं. दूध, भात, छाती शेकायला गरम पाणी. ती तेव्हा वीस वर्षांची. अंथरुणावर पडूनही त्यांचं लिहिणं थांबलं नाही. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी हार्डींना एका नव्याच प्रकारच्या सूत्रांबद्दल शेवटचं पत्र पाठवलं. गणिती लोक त्या सूत्रांवर आजही काम करतात.

२६ एप्रिल १९२० ला मद्रासच्या चेटपट भागातल्या घरात ते वारले. वय ३२. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त झालं नव्हतं म्हणून बरेच कर्मठ नातेवाईक अंत्यविधीला आले नाहीत. पुढची सोय पाहिली ती त्याच जुन्या कलेक्टरांनी, रामचंद्र रावांनी.

जानकी यांना विद्यापीठाकडून महिना वीस रुपये पेन्शन मिळायची. त्यावर कसं भागणार? त्या भावाकडं मुंबईला आल्या, काही वर्षं राहिल्या, तिथंच शिवणकाम शिकल्या. मग मद्रासला परतून ट्रिप्लिकेनमध्ये शिलाई मशिनवर पोट भरलं. नवऱ्याचा पुतळा उभारू असं सांगितलं गेलं होतं, तो काही उभा राहिला नाही, हे त्या बोलून दाखवत. ते परदेशातल्या गणितींच्या कानावर गेलं. त्यांनी आपसांत वर्गणी काढून अर्धपुतळा घडवला आणि १९८० च्या दशकात तो जानकी यांच्या घरी पोहोचला. त्या १९९४ मध्ये वारल्या, म्हणजे नवऱ्यामागं ७४ वर्षं जगल्या.

शेवटच्या वर्षातली त्यांची पानं १९७६ मध्ये केंब्रिजच्या एका ग्रंथालयात पेटीतल्या कागदांत सापडली. आणि १९१५ मध्ये पैशाअभावी कापलेला वाटणीच्या आकड्यांचा भाग १९९७ मध्ये छापून आला, ८२ वर्षांनी. निकोला आणि रोबँ या दोन फ्रेंच गणितींनी त्यावर टिपणं लिहून तो वाचकांपुढं ठेवला. ज्या मासिकाच्या पहिल्याच वर्षात तो आला, त्या मासिकाचं नावही रामानुजन यांचंच आहे.

नंतरच्या लोकांनी तो १०२ आकड्यांचा तक्ताही तपासला. हाताने केलेल्या त्या यादीत एक विक्रमी आकडा राहून गेला होता, एकच. तो आहे २,९३,३१,८६,२५,६००, म्हणजे २९ हजार ३३१ कोटी, ८६ लाख २५ हजार ६००. त्याला ५,०४० विभाजक. तक्त्यातला शेवटचा आकडा, तो सहा लाख कोटींच्या वरचा, मोबाइलवर घेऊन २३ ने भागला तर भागाकार येतो तो नेमका हाच.